एकवीस अंशांची राखण

टब रिकामा होता. पाणी होतं, कालच्या बर्फाच्या बाटल्या वितळून त्यात आडव्या तरंगत होत्या, ओला करून गुंडाळायचा जुना टीशर्ट काठावर वाळून कडक झाला होता. पण मधला पाच लिटरचा पांढरा डबा जागेवर नव्हता. फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या दोन बाटल्या दोन हातांत धरून अंबरीष न्हाणीघराच्या दारात उभा राहिला. बोटं बधिर व्हायला लागली तरी त्या खाली ठेवाव्यात हे त्याला सुचेना. बारा वाजायला आले होते. ऑगस्टचा मध्य, ओबोनची, म्हणजे पितरांच्या सणाची सुट्टी, जपानातल्या या ग्योतोकुची अर्धी वस्ती आपापल्या गावाला गेलेली. खालच्या रस्त्यावरून सायकलसुद्धा जात नव्हती. फक्त त्याची नऊ वर्षांची लेक अबोली ज्यांना सेमी म्हणते ते किडे समोरच्या झाडावर एकसुरात करवत चालवत होते, आणि तो आवाज इतका दाट होता की उन्हालाच आवाज आहे असं वाटावं. त्याला उठून पाऊण तासही झाला नव्हता. आपण अजून झोपेतच आहोत, घर आपलंच आहे पण त्यातली एक खोली कमी आहे, अशा एखाद्या स्वप्नात उभे आहोत, असं त्याला क्षणभर वाटलं.

डब्यात बिअर होती. बिअर हे आपलं म्हणायला. या देशात घरी काही बनवायचं तर त्यात एक टक्क्याच्या आतच दारू असली पाहिजे असा कायदा आहे, आणि अंबरीष हा कायदा मोडणारा माणूस नव्हे; बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने सिग्नलसुद्धा तोडला नव्हता. किटच्या खोक्यावर ठळक छापल्याप्रमाणे तो साखर घालत नसे आणि पाणी दुपटीने घालत असे. "यापेक्षा तुझ्या आईचं दोन दिवसांचं पन्हं जास्त चढेल," असं कश्मिरा, त्याची बायको, म्हणायची. म्हणू दे. त्याला चढण्याशी कर्तव्यच नव्हतं. त्याला ते एकवीस अंश आवडायचे. यीस्टला एकवीसच्या आसपास बरं वाटतं. घरात एसी नसलेल्या खोलीत चौतीस असतात. आणि यीस्ट एकदा कामाला लागलं की स्वतःच्या अंगचे दोन-तीन अंश त्यात आणखी घालतं. गेल्या जुलैत त्याने हे मनावर घेतलं नव्हतं, तर महिनाभराने बाटलीतून पिकलेल्या केळ्यांचा आणि नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास निघाला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वर्षी त्याने पाण्याने भरलेला टब, ओला टीशर्ट, छोटा पंखा, चहाच्या रिकाम्या बाटल्यांत गोठवलेलं पाणी, सकाळी सातला दोन आणि रात्री दहाला दोन, असा बंदोबस्त केला होता. पहिले तीन दिवस महत्त्वाचे. तेवढे सांभाळले की पुढचं ते स्वतः सांभाळून घेतं.

बुधवारी संध्याकाळी त्याने यीस्ट घातलं. गुरुवारी सकाळी बाटल्या बदलून तो तोयोसुच्या ऑफिसात गेला, कारण ओबोन जपानी माणसांना असतो, सर्व्हरला नसतो. परत यायला नऊ वाजले. कश्मिरा आणि अबोली दोन दिवसांसाठी त्सुकुबाला मैत्रिणीकडे गेलेल्या. आईने वाढलेला वरणभात तो उभ्याउभ्याच जेवला आणि आडवा झाला तो आज, शुक्रवारी, अकरा वाजता उठला. रात्रीच्या दहाच्या बाटल्या राहिल्या, सकाळच्याही राहिल्या. म्हणजे चूक त्याची होतीच. पण डबा कुणी हलवला हे काही कोडं नव्हतं. घरात तो आणि आई असे दोघंच होते.

आणि आईचं नाव मनात आल्याबरोबर दुसरी गोष्ट उठली, जी तो तीन महिने अशीच कुठेतरी गार पाण्यात बुडवून ठेवत आला होता. आईचा नव्वद दिवसांचा व्हिसा संपत आला होता. येत्या गुरुवारी तिचं विमान होतं. कोथरूडच्या आपल्या फ्लॅटमध्ये गेल्यावर आधी माठ धुऊन ठेवायचा, मग गॅसवाल्याला फोन करायचा, असं ती रोज जेवताना सांगायची. पण ती कोथरूडला जाणार नव्हती. तळेगावच्या अलीकडे म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास होता, चांगला होता, झाडं होती, नर्स होती, तिथे खोली बघून ठेवली होती. पक्कं कळवायची मुदत उद्याची. चित्राताई, त्याची थोरली बहीण, पुण्यात सासू-सासऱ्यांसकट दोन खोल्यांत राहते. तिने सगळं पाहिलं, सगळं केलं, आणि एकच काम त्याच्यावर टाकलं. "सांगायचं तू. तुझं ऐकते ती." आज साडेतीनला ती फोन करणार होती. तोवर सांगून झालेलं असायला हवं होतं.

बाटल्या बेसिनमध्ये टाकून तो बाहेरच्या खोलीत आला. एसी चोवीसवर होता. आई खिडकीजवळच्या खुर्चीत कोपरं हातांत धरून बसली होती. तिच्या दंडावर काटा आला होता आणि शाल अंगावर नव्हती. इथे आल्यापासून तिने ती करडी शाल झोपतानाही सोडली नव्हती. 'तुमच्या घरात बाहेर वैशाख आणि आत पौष' असं म्हणायची.

"आई, डबा कुठे आहे?"

"कुठला? तुझ्या कांजीचा? उबेला ठेवलाय."

कांजी. हे त्याचंच सांगणं. बुधवारी तो डबा टबात ठेवत असताना आईने काय ते विचारलं होतं, आणि चाळिशी ओलांडलेला, एका मुलीचा बाप असलेला, बारा माणसांच्या टीमचा प्रमुख असलेला अंबरीष पटकन म्हणाला होता, "काही नाही गं, धान्याची कांजी. आंबवायची. पोटाला चांगली असते." वडील, मोहनराव, बँकेत होते. त्यांनी आयुष्यभर सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही, पण पिणाऱ्यांना कधी नावंही ठेवली नाहीत. घरात त्या शब्दाला बंदी नव्हती, तो फक्त कुणी उच्चारत नसे. असे न उच्चारलेले पुष्कळ शब्द त्या घरात होते आणि अंबरीषला त्यांच्याभोवतीने अलगद चालायची सवय होती. त्यामुळे पन्ह्याहून सौम्य असलेल्या बिअरसाठी तो खोटं बोलला, आणि बोलताना त्याची जीभ जराही अडखळली नाही.

आतल्या पश्चिमेच्या खोलीत, ज्याला इथे ओशिइरे म्हणतात त्या भिंतीतल्या खोल कपाटात, गाद्या-रजयांच्या मधे, अबोलीच्या हिवाळी दुलईत, आणि दुलईवरून आईच्या करड्या शालीत डबा बसवला होता. शालीची टोकं समोर गाठ मारून बांधली होती. झाकणावरची वाकडी नळी तेवढी बाहेर राहील अशी जागा ठेवली होती, आणि त्या नळीतून धापा टाकल्यासारखे बुडबुडे येत होते. त्याने गाठ सोडली. डब्याच्या अंगाला चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर एकतीसचा चौकोन हिरवा झाला होता. कपाटात गोडसर, जड वास कोंडला होता, केळ्यांच्या वखारीचा.

"तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून!" तो इतक्या मोठ्याने बोलला की सेमी क्षणभर थांबले असं त्याला वाटलं. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"सांगितलं होतंस."

"मग? तुला कळत कसं नाही? सांगितलेलं लक्षात राहत नाही, की मुद्दाम करतेस? सगळं गेलं. सगळं वाया गेलं आता."

 दुलईची घडी घालायला आईने हात पुढे केला, मग तो मागे घेतला आणि बाहेर गेली. तिच्या सपातांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि थांबला.

अंबरीष तिथेच गादीच्या चवडीला टेकून चटईवर बसला. त्याच्या आणि चित्राताईच्या फोनमध्ये एक सामायिक यादी होती, नुसत्या 'आई' या नावाची. त्यात तारखा होत्या. फेब्रुवारीत आई आपल्याच इमारतीच्या जिन्यापाशी उभी राहून शेजारच्या शमाला 'कितव्या मजल्यावर राहतो गं आपण' असं विचारत होती. मार्चमध्ये दूध उतू जाऊन, ज्योत विझून, गॅस तासभर तसाच चालू होता. एप्रिलमध्ये पुन्हा गॅस. एप्रिलमध्येच किल्ली हरवली. यादीत खाली जपानातल्या तीन महिन्यांचं काहीच नव्हतं, आणि ताईने दोनदा विचारलं होतं, 'तिथे काय?' त्याने लिहायला सुरुवात केली: पंधरा ऑगस्ट. टबातला डबा काढून पांघरुणात गुंडाळून कपाटात ठेवला. आणि हे लिहिताना आपल्याला बरं वाटतंय, हे त्याच्या लक्षात आलं. खांद्यांवरचा भार उतरला होता. आता सांगणं सोपं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? बघ आई, तूच बघ, डब्याला दुलईत गुंडाळणारं माणूस एकटं कसं राहील. असं वाटलं, आणि लगेच स्वतःची किळस आली. फोन पालथा ठेवून त्याने डोळे मिटले.

खोलीत ऊन येत नव्हतं, पण भिंत तापली होती आणि तिच्यातून ऊब झिरपत होती. तो वास हळूहळू नाकाला सवयीचा झाला. डबा शेजारी बुडबुडत होता. डोळ्यांपुढे एक निळसर पहाट आली, कुठल्या तरी डिसेंबरातली. कोथरूडच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात, वडिलांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली, पिठाच्या डब्याच्या पाठीशी टेकवून ठेवलेली विरजणाची सट. आई अंधारात उठायची आणि चूळ भरायच्या आधी त्या सटीला हाताची मागची बाजू लावायची. तळहात नाही, मागची बाजू. तीच बाजू मग अंथरुणात त्याच्या मानेला लागायची, कारण त्याला सारखा ताप यायचा. थर्मामीटर कपाटात होता. वडील तो झटकून लावायचे, आणि आई तोवर आकडा सांगून मोकळी व्हायची. "शंभराच्या जरा वर." थर्मामीटर निमूटपणे तेच म्हणायचा. कधी पाव अंशाचा फरक पडला तर वडील थर्मामीटर पुन्हा लावायचे. या आठवणीत वडील हसत होते, आणि त्यांचा आवाज मात्र येत नव्हता. त्यांचा आवाज कसा होता हे आठवेनासं होऊन दोन वर्षं झाली होती. कुणी त्याची यादी केली असती तर तेही तारखेनिशी लिहिता आलं असतं. मधे कधीतरी त्याचा डोळा लागला असावा, कारण सट, मान आणि डबा यांतलं काय तापलंय हे त्याला सांगता येईना.

जाग आली तेव्हा आई समोर चटईवर बसली होती. तिने डब्याला पुन्हा शाल बांधली नव्हती, नुसता हात लावून बसली होती. हाताची मागची बाजू.

"एकतीस-बत्तीस असेल," ती म्हणाली. "जास्त झालं का रे?"

त्याने पट्टीकडे बघितलं. "एकतीस."

"मला वाटलंच. कपाट फार तापतं दुपारचं. पण काल सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा ते अगदी निपचित होतं. रात्रभर बर्फात ठेवलेलं. मी आंघोळ होईपर्यंत त्या नळीकडे बघत होते, एक बुडबुडा नाही. बारा तासांत कांजीने हालचाल केली नाही म्हणजे ती गेली. आंबायचं म्हणतोस आणि बर्फ घालतोस, म्हटलं याला कुणी सांगितलंच नसेल. कोण सांगणार? मीच कधी सांगितलं नाही. बाहेरच्या खोलीत तो एसी. म्हटलं, दोन तास कपाटात ठेवू, जीव धरला की बाहेर काढू. दोन तासांनी बघितलं तर छान चाललं होतं. मग वाटलं आता रात्रीपर्यंत असू दे. संध्याकाळी काढणार होते, पण तू आलास, दमला होतास, तुला वाढण्यात विसरले. ते माझं चुकलं."

 पहिले बारा-पंधरा तास यीस्ट स्वस्थ असतं, हे अंबरीषला माहीत होतं. एकवीस अंशांना तर असतंच. तिला कांजी माहीत होती. आणि कांजीबद्दल ती बोलली त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. त्या डब्यात त्याने सांगितलेलंच असतं तर आईने ते वाचवलं होतं, अंगावरची शाल देऊन. विसरली होती ती एवढंच, की संध्याकाळी बाहेर काढायचं. आणि तेवढं तोही विसरला होता, रात्री दहाच्या बाटल्यांचं. त्याला फार लाज वाटली. कचऱ्याचे वार तिने तिसऱ्या आठवड्यात पाठ केले होते, जळणारा मंगळवार-शुक्रवार, प्लास्टिक बुधवार. तो आठ वर्षांनंतरही फ्रीजवरचा कागद बघतो. यादीत हे कुठे लिहायचं, ते त्याला कळलं नव्हतं.

"आई, ती कांजी नाहीये."

"मग काय आहे?"

"बिअर."

आईने हात काढून घेतला. मग पुन्हा ठेवला. "दारू?"

"एक टक्क्याच्या आत आहे. म्हणजे जवळजवळ नाहीच. पण बिअरच. तिला गार ठेवावं लागतं, नाहीतर वास मारते."

"मारतोय खरा," आई म्हणाली, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला. "माझ्यापुढे कांजी म्हणालास. बेचाळीस वर्षांचा घोडा." ती हसायला लागली तसा तोही हसला, आणि हसता हसता त्याने स्वयंपाकघरातून दोन काचेचे पेले आणले, डब्याची तोटी सोडली. गढूळ, फेस नसलेलं, ताकभाताच्या पाण्यासारखं काहीतरी आलं. आईने पेला उजेडाकडे धरला, वास घेतला, एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात फिरवला.

"केळं," ती म्हणाली. "आणि मागून कडू. पण वाईट नाही. मी काय वाया घालवलं, ते कळलं तरी." दुसरा घोट घेऊन ती भिंतीला टेकली. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि इथे आल्यापासून पहिल्यांदाच ती गारठलेली दिसत नव्हती. बाहेर ते करवतणं चालूच होतं. सबंध दुपार खोलीत येऊन बसली आहे, तिला कुठेच जायचं नाही, असं अंबरीषला वाटलं. गुरुवार नावाचा वार अजून कुणी बनवलाच नसावा. असंच बसून राहता आलं असतं तर तो बसला असता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"बोल आता," आई म्हणाली.

"काय?"

"ते मी कशी सांगू? आठ दिवस झाले, माझ्यासमोर येतोस, उभा राहतोस आणि फ्रीज उघडून परत जातोस. ताकाला आलास तर भांडं कशाला लपवतोस?"

तेव्हा त्याने सांगितलं. चटईच्या विणीकडे बघत सांगितलं. तळेगाव सांगितलं, झाडं सांगितली, नर्स सांगितली, दर रविवारी ताई येईल हे सांगितलं. फेब्रुवारीतला जिना सांगितला, गॅस सांगितला. कोथरूडचा फ्लॅट बंद करायचं ठरलं आहे, हे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू सांगितलं. डॉक्टरांनी काय म्हटलं, इथला व्हिसा का वाढत नाही, हेही सांगितलं. ऑफिसातल्या बैठकीत सांगतात तसं क्रमाने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याला आपल्याच आवाजाची शिसारी आली.  आईचा चेहरा पांढरा पडला होता. पेला तिने चटईवर ठेवला, तो कलंडू नये म्हणून थोडा वेळ धरून ठेवला, मग सोडला.

"जिन्याचं खरं आहे," ती म्हणाली. "गॅसचंही. मला भीती वाटते रे, अंबू. सकाळी उठल्यावर आधी मी तारीख आठवून बघते. आठवली की मग डोळे उघडते." तिने तोंडावरून पदर फिरवला. "पण हे ठरलं कधी?"

"मे महिन्यात."

"म्हणजे मी इकडे यायच्या आधी. विमानतळावर मला आणायला आलास, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि हे आता तू मला विचारतोयस, की सांगतोयस?"

 मे महिन्यापासून ताईशी झालेलं सगळं बोलणं, रात्रीचे निरोप, फॉर्म, खोलीचे फोटो, जेवणाच्या वेळा, एवढं सगळं त्याच्या मनातून झरझर गेलं, आणि त्यात हा एक प्रश्न कुठेच नव्हता. आई नाही म्हणाली तर काय, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. तिला कसं सांगायचं, एवढंच दोघांनी घोळून घोळून ठरवलं होतं. ताई वाईट नव्हती, तो वाईट नव्हता. यीस्टला किती अंशांना बरं वाटतं हे त्याने इतकं वाचलं होतं.

"विचारतोय," तो म्हणाला. म्हणेपर्यंत ते खरं नव्हतं.

"मग नाही," आई म्हणाली. "काहीतरी दुसरं शोधा. कुणीतरी सोबतीला ठेवू, गॅस काढून टाका, दारावर नाव मोठं लिहा. तळेगावला मी जाईन, पण ते मला दिसेनासं झाल्यावर. आज मला दिसतंय."

फोन वाजला. साडेतीन. चटईवर पालथा पडलेला फोन थरथरत गोल फिरायला लागला. अंबरीषने तो उचलला, पण त्याला 'हॅलो' म्हणायलाही सवड मिळाली नाही. "सांगितलंस का तिला?" चित्राताई विचारत होती. तिचा आवाज रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. "त्या लोकांचा आत्ता पुन्हा फोन आला होता. उद्या सकाळपर्यंत नाव नाही कळवलं तर ते खोली दुसऱ्याला देणार. अंबू? ऐकतोयस ना? काय म्हणाली?"

त्याने फोन आईच्या हातात दिला.